नगररचना, सायकल, पर्यावरणपूरक शहर अशा विषयांवरच्या कार्यक्रमांना सामान्य माणसाने जाऊन काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की या विषयांवरच्या चर्चा, सायकल फेऱ्या, पायी पाहण्या यांची आमंत्रणं येत राहतात, पण आपण ना वास्तुविशारद, ना अभियंता. मग तिथे जाऊन करायचं काय, आणि त्यातून रस्त्यावर काही बदलतं का?

जा, पण निवडून जा. मी बरीच वर्षं अशा कार्यक्रमांना जाते, काही भरवायला मदतही करते. बदल कुठे घडतो हे आता मला आमंत्रण वाचूनच बहुतेक वेळा कळतं. कार्यक्रम संपताना लोकांकडे एका ठरावीक जागेबद्दलची एक ठरावीक मागणी तयार असेल, तर पुढे काहीतरी हलतं. ‘शहर सायकलींसाठी चांगलं व्हावं’ याला सगळेच मान डोलावतात, आणि गोष्ट तिथेच थांबते. ‘या चौकात पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा सहा सेकंदांनी वाढवा’ असं म्हटलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं.

म्हणून पहिल्यांदा जात असाल तर सभागृहातल्या व्याख्यानापेक्षा पायी पाहणीला जा. दहा-पंधरा माणसं एका चौकात जमतात, कोणाकडे मोजपट्टी असते, कोणी मोबाइलवर सेकंद मोजतं, कोणी नुसतं बघून लिहून घेतं. साधं काम वाटतं, पण त्यातून काय हाती लागतं बघा. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं बऱ्याच ठिकाणी धरतात. रस्ता १४ मीटर रुंद असेल तर हिशोबाने १२ सेकंद पुरतात. काठी टेकत येणाऱ्या आजी मात्र सेकंदाला ०.८ मीटरच चालतात. बारा सेकंद संपतात तेव्हा त्या साडेनऊ मीटरवर पोचलेल्या असतात आणि पुढचे चार-साडेचार मीटर त्यांना सुटलेल्या गाड्यांसमोरून काढायचे असतात. हे गणित सातवीतलं मूलही करू शकतं. पण ते एकदा त्याच चौकात उभं राहून, त्याच आजींना ओलांडताना बघून केलं, की कागदावर मांडायला फार सोपं जातं.

अशाच एका पाहणीत आम्ही पदपथाचा उतार तपासत होतो. नकाशात उतार होता, जागेवरही होता, पण त्याच्या तोंडाशीच एक खांब रोवलेला होता. सोबत आलेल्या अभियंत्याला आम्ही चाकांच्या खुर्चीत बसून वर चढायला सांगितलं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चाक खांबाला अडलं. मग ते स्वतःच उठून खांब आणि कठड्यामधलं अंतर मोजायला लागले. त्यानंतर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अशा वेळी तज्ज्ञ नसलेल्या माणसाची किंमत कळते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला जे माहीत असतं, ते कोणत्याही नकाशात नसतं. कॅनडातल्या टोरंटोमध्ये २००७ साली शहरांवर लिहिणाऱ्या आणि वस्त्यांसाठी लढलेल्या लेखिका जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ ‘जेन्स वॉक’ या पायी फेऱ्या सुरू झाल्या, त्यामागची धारणाही हीच. वस्तीतल्याच माणसाने वस्ती दाखवायची. आता दर मे महिन्याच्या सुरुवातीला त्या अनेक देशांत निघतात.

आता रस्ता खरंच बदलतो का, हा तुमचा मुख्य मुद्दा. नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तिथेही रस्ते मोटारींच्या हवाली झाले होते. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ याच नावाने चळवळ उभी राहिली, आईवडील मुलांना घेऊन रस्ते अडवून बसले. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवार मोटारींना बंदी झाली आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. १९७६ साली तिथल्या कायद्याने अशा राहत्या गल्ल्यांना मान्यता दिली जिथे मोटारीला चालणाऱ्याच्या वेगाने जावं लागतं आणि मुलं रस्त्यातच खेळू शकतात. हे घडायला वर्षं लागली, पण सुरुवात आपल्या गल्लीबद्दल बोलणाऱ्या लोकांनी केली होती.

कोलंबियाची राजधानी बोगोटाचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण त्याची ताकद सातत्यात आहे. तिथे डिसेंबर १९७४ मध्ये काही रस्ते थोड्या वेळासाठी मोटारींना बंद करून सायकली आणि चालणाऱ्यांना मोकळे केले. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते असे खुले होतात. वर्षातून एकदा हारतुरे घालून साजरा होणारा ‘सायकल दिन’ यापुढे फिका पडतो. एक दिवस लोक कौतुकाने येतात. दर आठवड्याला व्हायला लागलं की लोक त्यावर विसंबून आपला रविवार आखतात, आणि मग ते बंद करणं कोणालाही जड जातं.

सायकल फेऱ्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. टी-शर्ट वाटप, भाषण, छायाचित्र आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावरून वेगाने फेरी, यातून मजबूत सायकलस्वारांना मजा येते, शहराला काही कळत नाही. ज्या फेरीत सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा वेग हाच सगळ्यांचा वेग असतो, शेवटच्या माणसामागे एक अनुभवी स्वयंसेवक असतो आणि वाट शाळा, बाजार, स्टेशन अशी रोजच्या कामाची असते, तिथे जा. सोबत दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर फारच उत्तम. ते कुठे घाबरून उतरतं त्या जागा लिहून ठेवा. सायकल मार्ग कुठे नुसत्या पट्ट्याचा आहे आणि कुठे त्याला खरा कठडा आहे, हे त्या यादीतून आपोआप समजतं. उभ्या गाड्यांना खेटून रंगवलेला पट्टा तर अनेकदा धोक्याचाच, कारण गाडीचं दार अचानक उघडलं की सायकलस्वाराला सरकायला जागा नसते.

सभागृहातल्या बैठकाही टाळू नका, विशेषतः आराखड्याचा मसुदा समोर ठेवलेला असेल तेव्हा. तिथे मोठा प्रश्न विचारण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवून विचारा: इथे पदपथाची मोकळी रुंदी किती, खांब आणि झाडं वजा करून? या कोपऱ्याचं वळण इतकं मोठं का? वळण जितकं रुंद, तितकी गाडी वेग न सोडता वळते, आणि ओलांडणारा माणूस नेमका तिथेच उभा असतो. पार्किंगची जागा जाईल म्हणून दुकानदार विरोध करतात, त्यांचं म्हणणं पूर्ण ऐका. सॅन फ्रान्सिस्कोत २००५ साली काही जणांनी मीटरमध्ये पैसे भरून गाडी लावायच्या जागेत दोन तास हिरवळ, बाक आणि झाड ठेवलं. त्यातून जगभर ‘पार्किंग डे’ होऊ लागला, आणि २०१० मध्ये त्याच शहरात अशा छोट्या बैठकजागांना अधिकृत परवानगीही मिळाली. तात्पुरतं करून दाखवलं की वाद मनातल्या भीतीवर न होता समोर दिसणाऱ्या गोष्टीवर होतो. म्हणून खडूने रेघा मारून, कुंड्या ठेवून एक दिवस कोपरा अरुंद करून बघण्याचा कार्यक्रम असेल तर तो मुळीच चुकवू नका.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. या कार्यक्रमांना बहुतेक तेच लोक येतात ज्यांच्याकडे वेळ आहे. रात्रपाळीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, लहान बाळाची आई, रोज सायकलनेच कामावर जाणारे मजूर तिथे फारसे दिसत नाहीत, आणि रस्त्याचा त्रास सर्वात जास्त त्यांनाच होतो. तुम्ही आयोजकांना एवढं विचारू शकता की वेळ कोणाच्या सोयीने ठरवली, आणि पाहणी संध्याकाळी कामावरून परतण्याच्या वेळी ठेवता येईल का. माझ्या बघण्यात या एका बदलाने येणारी माणसंही बदलतात आणि निघणारी मागणीही.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: आजच्या नोंदी कोण लिहून काढणार, कोणत्या कार्यालयात देणार, आणि मसुद्यावर हरकती देण्याची शेवटची तारीख कोणती. कोणी पुढे आलं नाही तर नोंदी लिहायचं काम तुम्ही घ्या. त्याला नगररचनेची पदवी लागत नाही. जागेचं नाव, वेळ, मोजलेला आकडा, एक फोटो आणि नेमकी मागणी, एवढं एका पानात बसतं. त्यावर पाहणीला आलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, पोच घ्या आणि महिन्याभराने त्याच पोचेचा क्रमांक सांगून काय झालं ते विचारा.