हात रिकामे होतात तेव्हा

प्रिय मित्रा,

तुमच्या सॉफ्टवेअर टीमच्या कानबान बोर्डाचा, म्हणजे प्रत्येक कामाचं एक कार्ड टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायच्या फलकाचा, फोटो मिळाला. पाच कॉलम नीट आखलेत, कार्डांना रंग दिलेत, प्रत्येकावर नाव आहे. तू मन लावून केलंयस हे दिसतं. पण फोटो मोठा करून पाहताना माझी नजर ‘टेस्टिंग’वर अडकली. तिथे अकरा कार्डं आहेत आणि तुमच्याकडे टेस्टर एकच. शिवाय कुठल्याही कॉलमच्या डोक्यावर आकडा नाही. म्हणून फोनवर दोन वाक्यांत उरकण्याऐवजी सविस्तर लिहितो आहे.

कानबान या जपानी शब्दाचा अर्थ पाटी, फलक. त्यामुळे फलक टांगला की कानबान झालं असं वाटतं. पण टोयोटात ताइची ओनो यांनी ही पद्धत बसवली, तेव्हा ते कार्ड म्हणजे पुढच्या टप्प्याने मागच्या टप्प्याला दिलेली मागणी होती: आमचे एवढे भाग वापरून झाले, तेवढेच आणखी द्या. मागणी आली नाही तर भाग बनवायचा नाही. २००४च्या सुमारास डेव्हिड अँडरसन यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या एका देखभाल टीमबरोबर हेच तत्त्व सॉफ्टवेअरला लावून पाहिलं. टीमवर काम लादायचं नाही, जागा झाली की टीमने ते स्वतः ओढून घ्यायचं. आता जागा झाली हे कळायचं तर मुळात जागा किती, ते ठरलेलं हवं. ते ठरवणारा आकडा म्हणजे डब्ल्यूआयपी लिमिट, एका वेळी चालू असलेल्या कामांची मर्यादा. तो नसेल तर बोर्ड म्हणजे भिंतीवर चिकटवलेली यादी.

तुझ्याच आकड्यांवरून सांगतो. तुमच्याकडून आठवड्याला सरासरी चार कामं पूर्ण होऊन बाहेर पडतात, असं तू लिहिलंयस. फोटोत मी चालू कार्डं मोजली, ती चोवीस भरली. चोवीस भागिले चार, म्हणजे आज हातात घेतलेलं काम सरासरी सहा आठवड्यांनी ग्राहकापर्यंत पोहोचणार. हाच लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. जेवढी कामं आत येतात तेवढीच बाहेर पडत असतील, तर दीर्घकालीन सरासरीला तो चुकत नाही. चालू कामं बारावर आणलीत आणि वेग तोच राहिला, तर सहाचे तीन आठवडे होतात. कुणालाही जास्त वेळ बसावं लागत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जुन्या नोंदी काढून पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं. तूही पाहा.

आता खरी कठीण गोष्ट. मर्यादा लिहिणं सोपं, ती पाळायची वेळ येते तेव्हा कस लागतो. माझ्या एका जुन्या टीममध्ये आम्ही टेस्टिंगवर तीनचा आकडा टाकला. तिसऱ्याच दिवशी कॉलम भरला. दुपारी एका डेव्हलपरचं काम संपलं आणि कार्ड पुढे सरकवायला जागाच नव्हती. त्याने विचारलं, “मग आता मी काय करू? पुढचं घेऊ?” आमचे वरिष्ठही तेच म्हणत होते, माणूस रिकामा कशाला बसवायचा? आम्ही नाही म्हटलं. तो थोडा नाराज होऊनच टेस्टरच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. अर्ध्या तासात त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक कार्डासाठी ती चाचणीचा डेटा हाताने भरत होती आणि त्यात पाऊण तास जात होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने ते काम करणारी स्क्रिप्ट लिहून दिली. तो पाऊण तास कित्येक महिने रोज वाया जात होता. तिला तो कामाचाच भाग वाटत होता आणि आम्हा बाकीच्यांना तिकडे पाहायला सवड नव्हती.

त्याचे हात त्या दुपारी रिकामे राहिले म्हणून हे घडलं. पुढचं कार्ड घेतलं असतं तर टेस्टिंगसमोरची रांग वाढली असती आणि तो दिवसभर कामात दिसला असता. म्हणून मर्यादा लावण्याआधीच तुझ्या मॅनेजरशी बोल. काही दिवस काही माणसं नवीन काम न घेता दुसऱ्याला मदत करताना दिसतील, हे त्यांना आधी माहीत असू दे. ऐन वेळी समजावत बसलास तर ते सबब वाटेल.

एका पळवाटेबद्दल सावध करतो, कारण जवळजवळ प्रत्येक टीम ती शोधते. टेस्टिंग भरलं की कुणीतरी ‘टेस्टिंगसाठी तयार’ असा नवा कॉलम काढतं आणि त्याला मर्यादा नसते. साचलेलं काम तिथे जाऊन बसतं आणि बोर्ड छान दिसू लागतो. असा कॉलम हवाच असेल तर त्याची आणि टेस्टिंगची मर्यादा एकत्र धर. कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे लिहिलेला कोड सहकाऱ्याने तपासण्याच्या रांगेलाही हाच नियम.

आकडा किती ठेवायचा याचा फार काथ्याकूट करू नकोस. अकराचे एकदम तीन केलेस तर टीम बिथरेल. आठ कर, काय अडतं ते बघ, मग पाच. तातडीच्या कामासाठी वेगळी आडवी पट्टी ठेव आणि तिथे एका वेळी एकच कार्ड. दुसरं आलं तर पहिलं संपेपर्यंत थांबेल, हे प्रॉडक्ट ओनरकडून, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्याकडून, आधीच कबूल करून घे.

स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ‘काल काय केलं’ असं प्रत्येकाला विचारत फिरू नका. बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरुवात करा. रिलीजच्या, म्हणजे ग्राहकापर्यंत पोहोचण्याच्या सगळ्यात जवळ कोणतं कार्ड आहे, ते कशाने अडलंय, आज ते सोडवायला कोण मदत करेल? मग डावीकडे सरकत या. असं केलं की संपवण्याबद्दल आधी बोललं जातं आणि नवीन घेण्याबद्दल शेवटी.

सोमवारी मात्र यातलं काहीच बदलू नकोस. फक्त प्रत्येक चालू कार्डावर ते सुरू झाल्याची तारीख लिही, आणि जे अडकलंय त्यावर कशासाठी अडकलंय ते एका ओळीत. चोवीसही कार्डांवर. काहींची तारीख कुणालाच आठवणार नाही, ती कार्डं बाजूला काढून ठेव. ते काम अजून कुणाला हवंय का, हे आधी विचारावं लागेल. पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो पाठव, मग टेस्टिंगचा आकडा आपण दोघे मिळून ठरवू.

तुझा,
जुना सहकारी