मॅडम सोडून सगळ्यांशी बोलून झालं

नागपूरच्या मानेवाड्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. बुटीबोरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सोबतची मुलगी नोकरी सोडून गेली, तिचं सगळं काम हिच्यावर आलं, पगार मात्र तोच. घरी आलं की वर्ध्याच्या बहिणीला फोन, तासभर हाच विषय, रात्री नवऱ्याजवळ पुन्हा तोच. तो म्हणतो "मग बोल ना मॅडमशी", म्हणजे हिच्या साहेबीणबाईंशी, की हिचं डोकं फिरतं. "ताई, मी अशी काहून करून राहिली? उपाय सांगितला की रागच येतो."

अगं, तुला रडगाणं आवडतं म्हणून हे होत नाहीये, ते आधी डोक्यातून काढ. विचार करत बसलं की वाटतं आपण त्या प्रश्नावर कामच करून राहिलो, म्हणून सुटत नाही. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात मलाच का, तिला दिसत नाही का, मीच वेडी का हे पानभर आहे आणि कोणतं काम कमी व्हायला पाहिजे, पगार किती वाढायला पाहिजे यावर एक ओळ नाही.

आणि ती बहीण. मला तर खरी गाठ तिथंच दिसते. अमांडा रोझ नावाच्या संशोधक बाईंनी 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवर अभ्यास केला होता, त्यात असं दिसलं की जे एकमेकांजवळ तोच प्रॉब्लेम उगाळत बसतात त्यांची मैत्री जास्त घट्ट असते, अन् उदासी, काळजीपण जास्त असते. तुमचं तसंच झालंय. लग्नानंतर दोघी दोन गावाला, रोज भेटायला हाच एक विषय उरलाय, तो संपला तर फोन कशासाठी करायचा ही भीती आत कुठंतरी असेलच ना! तर फोन बंद करू नको, विषय बदल. तिला विचार तिचं काय चाललंय, ते तुझ्या पत्रात कुठंच नाही.

नवऱ्याला आधीच सांगून ठेव, दहा मिनिटं नुसतं ऐक, उपाय मागीन तेव्हा दे. बिचारा मदतच करून राहिला.

आता मॅडम. मासिकेम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत असतं, पण ते कधी, कसं करायचं हे पक्कं ठरवलं की काम व्हायच्या आधीच घोळणं कमी होतं. म्हणून दिवस ठरव. वीस तारखेच्या आत जाऊ नको, जीएसटीचं 3बी रिटर्न भरायची गडबड असते, त्यांचंही डोकं तापलेलं असेल. त्यानंतरचा एखादा दिवस धर, जेवणाच्या सुट्टीनंतर, अन् कागदावर लिहून ने: आधी माझ्याकडे व्हेंडर पेमेंट होतं, आता रिटर्न आणि बँक रिकन्सिलिएशनपण आहे, यातलं एक कोणाला तरी द्या नाहीतर पगाराचं बघा. एवढंच. जुन्या तक्रारी काढू नको, मूळ मुद्दा बाजूला राहतो.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर मात्र थांबू नको, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.

मॅडम काय म्हणाल्या ते कळव. नाही म्हणाल्या तरी कळव, मग मिहानच्या कंपन्यांकडं काही मिळतं का ते पाहू.