स्कॉनचं पीठ मळायचं नसतं

तुझा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठा करून पाहिला. ब्रिस्टलला येऊन सहा महिने झालेत, खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना शनिवारी चारच्या चहाला बोलावून बसली आहेस आणि स्कॉनचे, म्हणजे चहाबरोबर जॅम-क्रीम लावून खायच्या इथल्या छोट्या फुगीर पावांचे, दोन घाणे वाया गेलेत. पहिले चपटे नि टणक, दुसरे बाहेरून लाल नि आत गिच्च. ‘शंकरपाळ्याची जाड बहीण’ हे तुझंच वर्णन, आणि फोटो बघता अगदी चपखल आहे. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

ओव्हन बदलू नकोस. मुख्य घोळ तुझ्या एका वाक्यात आहे: ‘लोणी कडकडीत करून मोहन घातलं, पीठ छान मऊ मळलं आणि वीस मिनिटं झाकून ठेवलं.’ अगं, शंकरपाळ्याच केल्यास की तू! तुझ्या हाताला काही येत नाही असं नाही, हाताला भलतंच चांगलं येतंय. दहा-पंधरा वर्षं पोळ्या केलेला हात स्कॉनच्या पिठात गेला की तो सवयीने मळायलाच लागतो. माझाही लागला होता.

मी डेव्हन परगण्यातल्या एक्सटरला आले २००४ साली. शेजारी एक एकट्या राहणाऱ्या आजी होत्या, विमेन्स इन्स्टिट्यूट या इथल्या बायकांच्या संघटनेच्या जुन्या सभासद. माझे चौथ्यांदा फसलेले स्कॉन त्यांनी चहात बुडवून, तक्रार न करता खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या ओट्यापाशी उभं केलं. मैद्यात दूध ओतून त्यांनी जेवणाच्या टेबलावरची साधी बोथट सुरी घेतली आणि तिनेच पीठ कालवलं. कालवलं म्हणजे काय, सुरी भांड्याच्या कडेने फिरवत आठ-दहा वेळा खालवर केलं. गोळा होतोय असं दिसताच माझा हात आपोआप भांड्यात गेला. आजी काही बोलल्या नाहीत. माझं मनगट धरून हात बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि त्यात सुरी दिली. वीस वर्षं झाली, अजूनही स्कॉन करताना मनगटावर ती पकड जाणवते.

कारण समजून घे, म्हणजे हात आवरता येईल. मैदा भिजला आणि मळला की त्यात ग्लुटेनचं, म्हणजे चिवट प्रथिनाचं, जाळं तयार होतं. पोळीला ते हवंच, नाहीतर लाटताना फाटेल. म्हणून तर आपण कणीक तिंबतो आणि मुरू देतो. स्कॉनला मात्र वर उठायचं असतं आणि हे जाळं त्याला रबरासारखं खाली खेचतं. शिवाय बेकिंग पावडरचं काम ओल लागल्या क्षणी सुरू होतं. थोडा वायू तेव्हाच निघतो, उरलेला ओव्हनच्या उष्णतेने. वीस मिनिटं झाकून ठेवलंस तेव्हा पहिला वायू आरामात निघून गेला. पीठ मुरवणं हा आपल्याकडचा गुण, इथे तो अवगुण.

तसं बघायला गेलं तर चपटे झाले म्हणून फार रडू नकोस. स्कॉन मूळचा स्कॉटलंडचा, आणि तिथे तो पूर्वी ओट किंवा सातूच्या पिठाचा, आपल्या तव्यासारख्या लोखंडी ‘गर्डल’वर भाजलेला चपटा प्रकार होता. फुगायला लागला तो नंतर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला यीस्ट सोसत नसे, म्हणून त्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली. तिला अंडंही चालत नसे, म्हणून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर त्याने त्याआधीच केली होती. बायकोच्या पथ्यापायी सगळ्या देशाच्या चहाची सोय लावणारा नवरा! दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, ब्रिस्टलच्याच हेन्री जोन्सने सेल्फ-रेझिंग, म्हणजे फुगवणारी पावडर आधीच मिसळलेल्या, पिठाचं पेटंट घेतलं. म्हणजे तुझ्या गावचंच पीठ आहे ते, आणि शनिवारी तेच आण. साधा मैदाच घरात असेल तर २२५ ग्रॅमला तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर. तू एक चमचा घातला होतास, तोही भारतातून आणलेल्या उघड्या डब्यातला. जुनी पावडर तपासायची असेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाक. जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर केराची टोपली. ‘स्ट्राँग’ लिहिलेलं पीठ मात्र घेऊ नकोस. ते पावाचं, त्यात प्रथिनं जास्त, म्हणजे चिवटपणा आणखी.

आता कृती, मी करते तशी. सेल्फ-रेझिंग पीठ २२५ ग्रॅम, त्यात वरून एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. थंड लोणी ५५ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, दूध १५० मिली. सहा-सात होतात. अंडं मी पिठात घालत नाही. घालणारे घालतात, पण मला ते केककडे झुकल्यासारखे लागतात.

ओव्हन आधी तापत ठेव: २२०, पंखा चालू असेल तर २००, गॅसचा असेल तर ७ नंबर. रिकामा ट्रेही आतच ठेव. तापलेल्या ट्रेवर ठेवल्याठेवल्या बुडाला चटका बसतो आणि स्कॉन लगेच उठायला लागतो. दुसऱ्या घाण्यात तुझे आत कच्चे राहिले ते त्यामुळेच: ओव्हन पुरता तापला नव्हता, मग तो चढत गेला, वरून लाली आली आणि तू घाबरून बाहेर काढलेस.

लोणी फ्रीजमधून काढून बारीक तुकडे कर आणि पिठात चोळ. हे मोहनच आहे, फक्त थंड. तळव्याने चोळायचं नाही, तळवा गरम असतो. बोटांच्या टोकांनी चिमटीत धरून, पीठ जरा वर उचलून खाली सोडत राहायचं. मिनिटभरात रवाळ दिसायला लागतं. आपण मुटका वळतोय का बघतो, इथे तेवढंही थांबायचं नाही. मधूनमधून वाटाण्याच्या निम्म्याएवढे लोण्याचे खडे राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पिठात थर सुटतात. कडकडीत मोहनाने पिठाचा कण न् कण तुपात बुडतो, खुसखुशीतपणा येतो, पण थर सुटत नाहीत. हात फारच गरम असतील तर गोठवलेलं लोणी सरळ किसणीवर किसून घाल. आजींना ते आवडलं नसतं, पण मी उन्हाळ्यात तेच करते.

दुधात लिंबाचा रस चमचाभर घालून पाच मिनिटं ठेव, जरा फाटल्यासारखं होईल. ते घातलं की स्कॉन हलके होतात. इथलं दुकानातलं बटरमिल्कही चालतं, पण ते आपल्या ताकासारखं पातळ नसतं, जवळजवळ दह्याइतकं दाट असतं. निम्मं दूध मिसळून घे. साखर पिठात मिसळून घे, दूध एकदम ओत आणि सुरीने कालव. पीठ ओलसर, चिकट, खडबडीत दिसेल. तुला वाटेल बिघडलं. बिघडलं नाही, ते तसंच असतं. ओट्यावर मैदा भुरभुरवून त्यावर ते उलटं कर आणि दोन-तीनदा घडी घाल. भाजलेल्या बोटाला मलम लावतो ना, तेवढ्याच दाबाने. लाटणं डब्यात राहू दे, हातानेच थापून २.५ सेंटीमीटर जाड ठेव. पट्टी घेऊन एकदा मोज, लाजू नकोस. आपल्या डोळ्याला एवढं जाड पीठ बघवत नाही आणि हात आपोआप पातळ करत जातो. फोटोतले तुझे फार तर सेंटीमीटरभर असतील. पातळ थापलेला स्कॉन उंच होत नाही, त्याला कितीही पावडर घाल.

वाटीने कापलेस असं लिहिलंयस. पुऱ्या कापायला वाटी ठीक, स्कॉनला नको. तिची कड बोथट, त्यामुळे पीठ कापलं न जाता कडेने चेपून बंद होतं आणि उठायला वाव राहत नाही. धारदार कडेचा साचा मैद्यात बुडवून सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर काढायचा. फिरवायचा नाही. फिरवलास की स्कॉन एका बाजूला कलतो, टोपी तिरकी घातल्यासारखा. साचा नसेल तर गोल थापून धारदार सुरीने भाकरीच्या चतकोरासारखे त्रिकोण काप. स्कॉटलंडमध्ये अजूनही असे करतात आणि कातरणही उरत नाही. साच्याने कापल्यावर उरलेलं पीठ पुन्हा गोळा करून केलेले एक-दोन वेडेवाकडे होतात. ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खायचे, पाहुण्यांपुढे ठेवायचे नाहीत.

ट्रेवर जवळजवळ ठेव, एकमेकांच्या आधाराने वर चढतात. वरून दुधाचा हात फिरव, पण बाजूंनी ओघळू देऊ नकोस, नाहीतर कडा ट्रेला चिकटून बसते. बारा ते पंधरा मिनिटं. वर सोनेरी रंग, बाजूला मध्यावर एक आडवी भेग पडलेली आणि बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज, म्हणजे झाले. ती भेग महत्त्वाची. स्कॉन तिथूनच हाताने उघडायचा असतो, सुरीने कापलास तर आतला भाग दाबला जाऊन लगदा होतो. मऊ हवे असतील तर काढल्याबरोबर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेव, पोळ्यांसारखेच.

आणि हो, उच्चार. तू ‘स्कोन’ लिहिलंयस, मी ‘स्कॉन’ म्हणते. इथे दोन्ही चालतात आणि दोन्हीवरून भांडणं होतात. फक्त ‘स्कून’ म्हणू नकोस, ते स्कॉटलंडमधलं पर्थजवळचं गाव. स्पेलिंग तंतोतंत तेच. तिथल्या दगडावर स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक व्हायचा. १२९६ मध्ये पहिल्या एडवर्डने तो दगड उचलून लंडनला नेला, १९९६ मध्ये परत दिला. आजींच्या मते माझे पहिले स्कॉन त्या गावचे होते.

जॅम आधी की क्रीम आधी, हे तू विचारलंयस ते बरं केलंस. डेव्हनमध्ये क्रीम आधी, वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी, वर क्रीम. मी डेव्हनची, म्हणून क्रीम लोण्यासारखं खाली लावते. पण तुझे पाहुणे कुठले ते माहीत नसेल तर दोन्ही वाट्या मध्ये ठेव आणि ते काय करतात ते बघ. गप्पांना विषय मिळतो. जॅम स्ट्रॉबेरीचा. क्रीम मात्र ‘क्लॉटेड’च घे, फेटलेलं नको. क्लॉटेड क्रीम म्हणजे आपली साय, पण मनापासून केलेली: दाट क्रीम पसरट भांड्यात तासन् तास मंद तापवून, हळूहळू गार करून धरलेला थर. कॉर्नवॉलच्या क्रीमला तर नावाचं संरक्षण आहे आणि त्यात स्निग्धांश किमान ५५ टक्के लागतो. घरी करायचं असेल तर डबल क्रीम (इथलं दाट क्रीम) उथळ काचेच्या भांड्यात ओतून ८० अंशांवर दहा-बारा तास ओव्हनमध्ये ठेव आणि रात्रभर फ्रीजमध्ये. खाली उरलेलं पातळ दूध टाकू नकोस, पुढच्या स्कॉनच्या पिठात घाल. या शनिवारी मात्र डबाच आण, एका दिवसात एवढीच परीक्षा पुरे.

बेदाणे घालायचे तर मूठभर घाल, साखरेबरोबर. चीजचे करायचे तर साखर वगळून किसलेलं चेडर नि थोडी मोहरीची पूड. पण मसाला स्कॉन, वेलची स्कॉन हे तुझे बेत पुढच्या वेळेसाठी ठेव. आधी एकदा साधे नीट उठू देत.

शनिवारी असं कर: सकाळी लोणी चोळलेलं कोरडं पीठ भांड्यात तयार करून फ्रीजमध्ये ठेव, त्याला काही होत नाही. सव्वातीनला ओव्हन लाव. साडेतीनला दूध घाल, काप, आत ढकल. चारला बेल वाजेल तेव्हा घरभर वास असेल. चहा किटलीत आसामची पत्ती घालून चार मिनिटं मुरू दे, दूध वेगळं. आलं घालून उकळलेला चहा क्रीमसमोर टिकतो, पण क्रीम त्याच्यासमोर टिकत नाही.

आणि क्रीमचा डबा उघडशील तेव्हा वर पिवळी, जराशी जाड, सुरकुतलेली साय दिसेल. मी पहिल्यांदा ती खराब समजून चमच्याने काढून सिंकमध्ये टाकली होती, आणि आजींनी ते पाहिलं. ती सगळ्यात चांगली असते. दोन भाग कर, आजी-आजोबांना एकेक दे.