हिशोबाची वही : विमानाचं कार्ड घ्यावं का?

प्रश्न : नमस्कार काका. आमचा रावेरला केळीचा व्यापार आहे. वसुलीसाठी महिन्यातून दोनदा दिल्लीला, आझादपूर मंडीत जावं लागतं. आधी भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस पकडायचो, आता वेळ पुरत नाही म्हणून विमान. महिन्याला वीस हजारांची तिकिटं आणि हॉटेल, जेवणखाण, इतर मिळून अठरा हजार, असा खर्च आहे. बँकेतला ओळखीचा मुलगा म्हणतो, विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घ्या, वर्षाला दोन-तीन तिकिटं फुकट सुटतील. फी पाच हजार आहे. घेऊ का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, कार्डाचं नंतर बघू. आधी मोबाइलमधून मागच्या सहा महिन्यांची तिकिटं काढा आणि कोणत्या कंपनीची किती, ते पाटीवर लिहा. तुम्ही कधी रात्री दोनला निघून, फर्दापूरला चहा घेऊन, अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगरला विमान धरत असाल. कधी बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इंदूरला जात असाल. त्या दिवशी जे स्वस्त आणि सोयीच्या वेळेचं, तेच आपण घेतो. म्हणजे तुमची निष्ठा वेळापत्रकाशी, कंपनीशी नाही. एका कंपनीचं कार्ड त्यालाच फळतं, ज्याची दहातली आठ तिकिटं तिचीच असतात.

देशात दर दहा प्रवाशांतले सहाहून जास्त इंडिगोनं जातात, त्यामुळे तुमच्या पाटीवर तेच नाव जास्त दिसलं तर नवल नाही. पण जळगावहून जाणाऱ्या छोट्या विमानांवर भिस्त ठेवू नका. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ची विमानं जळगावहून गोवा, हैदराबाद, पुण्याकडे सुरू झाली. ती वेगळी कंपनी, इंडिगोची नव्हे. अलायन्स एअरचं नाव ऐकून अजून अनेकांना ती एअर इंडियाचीच वाटते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. तिचं तिकीट काढून एअर इंडियाच्या महाराजा क्लबात, म्हणजे तिच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेत, पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट जमतील, असं धरून चालू नका.

आता हिशोब. पाच हजार फी म्हणजे अठरा टक्के जीएसटी धरून ५,९०० रुपये. मुद्दाम कार्डाच्या सोयीचे आकडे घेतो : समजा, त्या कंपनीच्या तिकिटावर खर्चाच्या चार टक्के किमतीचे पॉइंट आणि बाकी खर्चावर एक टक्का. वर्षाची तिकिटं २,४०,०००, त्यावर ९,६००. बाकीचे २,१६,०००, त्यावर २,१६०. एकूण ११,७६०, फी वजा जाता हातात ५,८६०. आता निम्मी तिकिटं दुसऱ्या कंपनीची निघाली तर? तेच गणित ८,१६० वर येतं आणि फी गेल्यावर उरतात २,२६०. आणि बिनफीचं, सगळीकडे सरसकट दीड टक्का रोख परत देणारं साधं कार्ड असेल, तर तुमच्या ४,५६,००० वर ६,८४० मिळतात. दोन्हींपेक्षा जास्त! पहिल्या वर्षी स्वागताचे पॉइंट देऊन फी भरून निघाल्यासारखं दाखवतात. म्हणून गणित नेहमी दुसऱ्या वर्षाचं मांडायचं. शिवाय ‘फुकट’ तिकिटावर कर आणि विमानतळाची फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. पेट्रोल, विमा, घरभाडं यांवर पुष्कळ कार्डं पॉइंट देतच नाहीत.

पॉइंट हा पैसा नव्हे. मी बँकेत असताना लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अंदमानला जायचं म्हणून चार वर्षं एका कंपनीचे पॉइंट साठवले. तिकीट काढायला बसलो तर त्याच प्रवासाला लागणारे पॉइंट दीडपट झालेले. बायको म्हणाली, ‘एवढ्यात एफडी केली असती.’ आम्ही त्या वर्षी सप्तशृंगीला जाऊन आलो. कंपनीच नाहीशी होते असंही घडतं : १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिच्या प्रवाशांचे पॉइंट महाराजा क्लबात गेले, पण ज्या कंपनीसाठी लोकांनी कार्डं घेतली, ती कंपनी मात्र राहिली नाही.

लाउंजचंही, म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षाचंही, तसंच. पूर्वी कार्ड दाखवलं की जेवायला आत सोडायचे. आता बऱ्याच कार्डांना मागच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केलेला असावा लागतो. अट विचारून घ्या.

तरी माझी खरी काळजी पॉइंटांची नाही, तुमच्या पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदाची, आहे. केळी गेली, व्यापाऱ्याकडून पट्टी आली, पण पैसे पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं. कार्डाचं बिल मात्र तारखेला. ६०,००० च्या बिलात ‘किमान रक्कम’ म्हणून ३,००० भरले, तर उरलेल्या ५७,००० वर साडेतीन टक्के महिना दरानं साधारण दोन हजार व्याज, वर त्यावर जीएसटी ३६० च्या आसपास. व्याज खर्चाच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एका महिन्याच्या अशा चुकीत वर्षाच्या फायद्यातले दोन-अडीच हजार गेले की नाही? म्हणून कार्ड घेतलंच, तर बिलाची तारीख तुमची वसुली होते त्यानंतरची मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ती निदान एकदा बदलून घ्यायचा हक्क आपल्याला आहे. खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापली जाईल, अशी सोय करा. ‘किमान’वर खूण राहिली नाही ना, ते बघा.

एक गोष्ट कानावर घालतो. बँकेतला तो पोरगा म्हणेल, तिकिटावर फर्मचा जीएसटी नंबर टाका, वजावट मिळेल, म्हणजे तिकिटावरचा जीएसटी तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळता होईल. ताज्या केळीवर जीएसटीच नाही, मग नुसती केळीच विकत असाल तर वजावट कुठली?

पाटीवर एका कंपनीची आठ-नऊ तिकिटं निघाली तर तिचं कार्ड घ्या, नाहीतर साधं घ्या. आणि पाटी पुसू नका, पुढच्या दिवाळीला पुन्हा बघा.

प्रश्न : मी धुळ्याची निवृत्त शिक्षिका. वर्षातून दोनदा मुलीकडे बंगळूरला जाते. विमानतळावर एका मुलानं ‘मॅडम, पहिलं वर्ष फुकट’ म्हणून फॉर्म भरून घेतला. आता फोन येतात. काय करू?

उत्तर : ताई, वर्षाला चार विमानांसाठी हे कार्ड नको. फॉर्मची काळजी सोडा. कार्ड घरी आलं, तरी ते तीस दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीनं तुमची संमती घ्यावी लागते. ती दिली नाही तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं आणि तुमच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही. फोनवर कोणी ‘बंद करायला ओटीपी सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या.