पुण्यात बसून अंदाज बघून सर्फिंगला जाता येतं का, की नुसता टाइमपास?

टाइमपास हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथं फक्त वाचतो. तुमचं म्हणणं असं की पुण्यातले सर्फिंगवाले आठवडा आठवडा मोबाईलवर लाटांचे अंदाज बघत बसतात, त्यातनं खरंच काही कळतं का, आणि ॲप कुठलं बघायचं. तर कळतं. ॲप कुठलंही घ्या, पण त्यातली चुकीची ओळ बघत असाल तर कुठल्याच ॲपचा काही उपयोग नाही. हे मी कसा शिकलो ते सांगतो, थोडं लांबेल, कारण त्यात माझ्या भाच्याची मुंज आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा. जीएफएस म्हणून जे हवामानाचा अंदाज काढणारं अमेरिकन कॉम्प्युटर मॉडेल आहे ते दिवसातनं चार वेळा चालतं, त्यातला आपला पहाटे साडेपाचचा रन ॲपमधे दिसायला लागतो साडेनऊ-दहाच्या सुमारास, आणि हीच नेमकी आमच्या हिंजवडीच्या ऑफिसची स्टँडअपची वेळ. त्या सोमवारी कॅमेरा ऑफ करून विंडी (वारा आणि लाटांचे अंदाज दाखवणारं ॲप) उघडलं तर खाली दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात, एक लालभडक वादळ नुकतंच होऊन गेलेलं आणि त्याच्या लाटांचा पट्टा हळूहळू वर आपल्याकडे सरकताना दिसत होता. मी आपला किनारा सिलेक्ट केला. शनिवार पहाट, पीरियड (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ) 18 सेकंद. माझ्या अंगावर काटाच आला. आपल्या अरबी समुद्रात एरवी पाच-सात सेकंदांची खळबळ असते, वाऱ्यानं जागच्या जागी उठवलेली, त्यात बोर्ड घेऊन जाणं म्हणजे वॉशिंग मशीनमधे उतरणं. 18 म्हणजे लांबचा पाहुणा.

आता अडचण अशी की रविवारी ताईच्या मुलाची मुंज. मी सख्खा मामा, एकुलता एक. तर मी घरी जाहीर केलं की शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी सकाळी लाटा घेतो, रात्री परत, रविवारी सकाळी सोवळं नेसून हजर. आई काही बोलली नाही, म्हणजे चिडली होती. भावोजी (ताईचे मिस्टर, बँकेत आहेत, सगळ्यातलं कळतं) म्हणाले, सात हजार किलोमीटरवरनं लाट येणार आणि ती तुला मुंजीच्या आदल्या दिवशी गाठून देणार, ट्रॅव्हल्सचं बुकिंग आहे का ते? मी म्हटलं, बघालच.

शुक्रवारी रात्री दहाला निघालो. साडेसात फुटी फोमचा बोर्ड गाडीच्या टपावर, सोसायटीचे वॉचमन काका दरवेळी विचारतात तसं विचारून झालं की साहेब हे इस्त्रीचं टेबल परत कुठं चाललंय. सातारा, उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाटात टपावरचे पट्टे वाऱ्यानं भोंग्यासारखे वाजायला लागले म्हणून थांबून दोन्हींना एकेक पीळ दिला (पीळ दिला की वाजत नाहीत, हे तरी लक्षात ठेवा, बाकी काही ठेवू नका). पहाटे चारला गुहागर, तिथनं पुढं एक छोटा किनारा आहे. नाव विचारू नका, सांगणार नाही. गाडीतच झोपलो.

सगळं जुळून आलेलं होतं हो. शनिवारी चतुर्थी. तिथीच्या पाऊणपट तासांनी भरती हे कोकणातल्या कुणालाही विचारा, चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, सहा-साडेसहाला पाणी अर्धं उतरलेलं, त्या किनाऱ्याला नेमकं तेच लागतं. वारा जमिनीकडनं समुद्राकडे, मतलई वारा, शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केलं होतं त्याचा आयुष्यात पहिला उपयोग मला सर्फिंगमधे झाला. आणि समुद्र? कढईतल्या तेलासारखा. हलतच नव्हता.

तरी उतरलो. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) बांधला, बाहेर जाऊन बसलो. वीस-एक मिनिटांनी तीन लाटा आल्या, गुडघ्याएवढ्या, पण एकमेकींपासून चांगल्या लांब, सावकाश, भारी. मी वळेपर्यंत गेल्या. परत वीस मिनिटं काही नाही. असं साडेनऊपर्यंत केलं. एकूण दोन लाटा मिळाल्या, त्यातल्या एकीवरनं पडलो. दहानंतर समुद्रावरनं वारा सुटला आणि संपलंच. वाडीतला एक दादा होडीपाशी जाळं निवडत बसला होता, तो म्हणाला, आज नाय, उद्या बघा, पाण्याला ओढ सुटल्ये. मी म्हटलं उद्या मुंज आहे. त्याला नंबर देऊन ठेवला आणि निघालो.

रविवारी कर्वे रोडला कार्यालयात भावोजींनी स्वागताला उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, हे आमचे मेव्हणे, काल पाचशे किलोमीटर गाडी चालवून समुद्रात पाय धुऊन आले. प्रत्येकाला. गुरुजींनासुद्धा. पंगतीला बसलो, जिलबी वाढत होते आणि फोन वाजला. दादाचा व्हिडिओ. सकाळी आठचा, तिथं रेंज नसते म्हणून एकला पोचला. छातीएवढ्या लाटा, रूळ टाकावेत तशा सरळ ओळीत येतायत, वरनं मतलई वाऱ्यानं पाण्याची धूळ उडतीये, आणि अख्ख्या किनाऱ्यावर एक कुत्रं. बाकी कुणी नाही. मी मूर्खासारखा तो भावोजींना दाखवला. ते म्हणाले, मग थांबायचं होतंस की, आम्ही तुला मुंजीचा व्हिडिओ पाठवला असता!

तेव्हापासनं गणपती असो, दिवाळी असो, मला बघितलं की पहिलं वाक्य, काय, वेधशाळा काय म्हणते? आणि वर हे की ॲपला नाही कळलं ते त्या कोळ्याला कळलं. माझा खरा राग या दुसऱ्या वाक्यावर आहे.

कारण ॲपला कळलं होतं. स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे. शनिवार सकाळ, उंची 0.4 मीटर, पीरियड 18 सेकंद. रविवार सकाळ, 1.2 मीटर, 15 सेकंद. दोन्ही ओळी एकाखाली एक. मला शनिवार हवा होता म्हणून मी शनिवारचा 18 बघितला आणि शेजारचा 0.4 बघितलाच नाही. आता हे असं का होतं तर खोल पाण्यात लाट किती वेगानं प्रवास करते ते तिच्या पीरियडवर ठरतं. सेकंदाला 2.8 नं गुणा, ताशी किलोमीटर येतात. 18 सेकंदांची लाट ताशी पन्नासनं, 15 ची बेचाळीसनं. एकाच वादळातनं एकाच वेळी निघाल्या, शिवनेरी आणि लाल परी समजा, सात हजार किलोमीटरमधे पहिली सव्वा दिवस आधी पोचते. पण जी आधी येते ती थोडी असते, उंची नसते तिला, मधे वीस वीस मिनिटं शांत. मुख्य माल मागच्या गाडीत. म्हणजे मी शनिवारी बघितला तो सपाट समुद्र नव्हताच, ती सुरुवात होती, आणि दादानं ओढ म्हटलं ती हीच. त्याला मानलंच पाहिजे. पण भावोजी, त्याला ते शनिवारी कळलं, पाणी पायाला लागल्यावर. मला सोमवारी कळायला हवं होतं, आणि लिहिलेलं होतं. पुण्यातनं रजा टाकायची तर सोमवारीच कळावं लागतं, शनिवारी कळून मी काय करू.

आणि हे काही परवाच्या पोरांनी काढलेलं खूळ नाही. दुसऱ्या महायुद्धात स्वेरड्रुप आणि मंक या दोन समुद्रशास्त्रज्ञांनी लाटांच्या अंदाजाची पद्धत बसवली, का, तर सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं. 1944 मधे नॉर्मंडीला ती वापरली. पुढं 1963 ला मंकनं दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटा बेटाबेटांवर मोजत पार अलास्कापर्यंत गाठल्या. आणि थट्टा कुठं चालते, तर पुण्यात! जिथं 1928 पासनं सिमला ऑफिस, म्हणजे हवामान खात्याची कचेरी आहे, पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, भावोजी स्वतः रोज सिमला ऑफिसच्या चौकातनं जातात.

बरं, तुमचा प्रश्न. विंडीवर स्वेल (लांबच्या वादळातनं आलेल्या लाटा) आणि जागच्या वाऱ्याच्या लाटा वेगवेगळ्या दिसतात, त्या वेगळ्याच बघा, एकत्र आकडा बघू नका. पीरियड आणि उंची दोन्ही हवेत, 1 मीटर 15 सेकंद म्हणजे 1 मीटर 7 सेकंदांच्या दुपटीपेक्षा जास्त ताकद. उंचीचा आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळं मधनंच एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते, तेव्हा बोंबलू नका. जीएफएस आणि युरोपियन मॉडेल दोन्ही बघा, दोघांचं जमत असेल तर रजा टाका, नाहीतर गुरुवारपर्यंत गप्प बसा. सहा दिवसांचा अंदाज रजा टाकायला असतो, निघायला नाही. पूर्वी मॅजिकसीवीड नावाची लाटांच्या अंदाजाची साइट होती, लाटांना चांदण्यांत मार्क द्यायची, 2023 ला ती सर्फलाइन या दुसऱ्या साइटमधे गेली, बरं झालं, त्या चांदण्या बघूनच लोक बिघडले. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज फुकट असतो आणि त्यांचा इशारा आला असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवून घरी बसा.

आणखी एक, ॲपचा आकडा बऱ्याचदा बाहेरच्या पाण्यातला असतो. आपल्या महाराष्ट्रासमोर समुद्र लांबपर्यंत उथळ आहे, बॉम्बे हाय मुंबईपासनं दीडशेच्या वर किलोमीटर आत आणि तिथं पाणी 75 मीटरच्या आसपास. 15 सेकंदांच्या लाटेची लांबी साडेतीनशे मीटर, तिला पावणेदोनशे मीटर खोलीलाच तळ लागायला लागतो. म्हणजे आपल्या किनाऱ्यापर्यंत यायच्या आधी ती शंभर किलोमीटर घासत येते. त्यामुळं कोकणात फार अपेक्षा ठेवू नका. मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो की शिकायचं असेल तर कर्नाटकात मुल्कीला जा नाहीतर चेन्नईजवळ कोवलमला, तिथं शिकवणारे आहेत, लाटाही बऱ्या. मग मी कोकणात का जातो? शुक्रवारी रात्री निघून सोमवारी ऑफिसला येता येतं म्हणून. आणि थोडं भावोजींमुळे.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता आठवलं. पोहता येत नसेल तर यातलं काहीच करू नका, टँकमधे पोहता येणं म्हणजे पोहता येणं नाही. पावसाळ्यात ॲपवर 3 मीटर दिसलं म्हणून नाचत जाऊ नका, 1 जूनपासनं मासेमारी बंद असते ती उगाच नाही. हिवाळ्यात कधीकधी इराणच्या आखाताकडनं शमाल वाऱ्याची लाट येते वायव्येकडनं, ती छोटी पण गोड असते. एकटं उतरू नका (मी उतरलो होतो, गाढवपणा होता). आणि मी काही मोठा सर्फर नाही, पाच-सहा वर्षं झाली, अजून निम्म्या वेळा पडतो.

या आठवड्याचं सांगायचं तर शनिवार सकाळ 0.3 मीटर 17 सेकंद, रविवार सकाळ 1 मीटर 15 सेकंद, दोन्ही मॉडेल सारखंच म्हणतायत. शनिवारी रात्री निघतोय. भाचा मागे लागलाय, येतोय, तो किनाऱ्यावर बसून व्हिडिओ काढणार या अटीवर ताईनं सोडलंय. भावोजींचा आत्ताच मेसेज आलाय, रात्री कशाला जागरण करता, शनिवारी सकाळीच का नाही निघत? त्यांना अजून रिप्लाय दिलेला नाही, म्हटलं आधी इथं लिहून घेऊ.