व्हीएममध्ये डिस्क बिघडली, पण खरी कुठली?

प्रश्न: केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) एक लिनक्स व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवतो. अधूनमधून तिची फाइल सिस्टीम आपोआप रीड-ओन्ली होते (वाचता येतं, लिहिता येत नाही), रीबूट केलं की काही दिवस ठीक. आत स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघायला गेलो तर काहीच मिळत नाही. डिस्क गेलीये का?

उत्तर: आत मिळणारच नाही हो, कारण व्हीएमला दिसते ती डिस्क म्हणजे होस्टवरची (व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालते तिच्यावरची) एक फाइल किंवा व्हॉल्यूम, तिला कसलं आलंय स्मार्ट! तपासणी होस्टवर करा. आधी आतल्या लॉगमधून एररची वेळ टिपून घ्या, मग होस्टच्या डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचा लॉग) त्याच वेळेला काय झालं ते बघा, आणि स्मार्ट रिपोर्ट दाखवणारी स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडसुद्धा तिथेच चालवा. पेंडिंग (संशयित) किंवा रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर वाढत असतील तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. सेक्टर ठीक पण रिपोर्टमधला १९९ नंबरचा सीआरसी काउंट (डेटा ने-आण करताना झालेल्या चुकांचा आकडा) चढतोय, तर संशय साटा केबलवर, ती बदला. जुना आकडा शून्य होत नाही, फक्त पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.

होस्ट स्वच्छ निघाला तर मग बहुतेक स्टोरेज हळू पडतंय, म्हणजे रात्रीचा बॅकअप वगैरे चालू असताना. व्हीएमला स्कझी (SCSI) प्रकारची डिस्क दिली असेल तर लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघतो, मग एरर, आणि सेटिंग तसं असेल तर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) रीड-ओन्ली. होस्टवरची जागा संपली असेल असं मला नाही वाटत, कारण तेव्हा क्यूईएमयू (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) सहसा व्हीएमच पॉज करतो.

आत सारखं एफएससीके (fsck, फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवत बसू नका, बिघाड खाली असेल तर त्याने काही होत नाही.