सही करण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कंपनीने पाच वर्षांचा करार पुढे केलाय आणि शुक्रवारपर्यंत सही मागितलीय. त्याच महिन्यात एका प्रायोगिक नाटकात छोटी भूमिका चालून आलीय. घरचे म्हणतात, गाणं नाहीतर नाटक, एक काहीतरी धर. वर स्टुडिओत कुणीतरी तुझ्या आवाजाला ‘पुरुषी’ म्हटलं, ते तुला लागलंय. तू हे सगळं वेगवेगळं मांडलंस, पण मला त्यात एकच प्रश्न दिसतो: तुझ्या कामाचं काय करायचं हे ठरवणार कोण? म्हणून आज तुला शेरबद्दल लिहिते. अमेरिकेतली पॉप गायिका आणि नटी. तिचं ‘बिलीव्ह’ तू ऐकलेलं असशील. त्याआधीची चौतीस-पस्तीस वर्षं बहुधा नाही.

आधी आवाजाचं. शेरचा जन्म 1946चा, कॅलिफोर्नियातला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून लॉस एंजेलिसला आली आणि फिल स्पेक्टर नावाच्या निर्मात्याकडे कोरसमध्ये गायला लागली. 1964 मध्ये तिचं पहिलं स्वतंत्र गाणं निघालं, तेही दुसऱ्याच नावाने. गाणं बीटल्स या बँडमधल्या रिंगोवरच्या प्रेमाचं, आणि तिचा स्वर इतका खालचा की रेडिओवाल्यांना वाटलं पुरुषच गातोय. त्यांनी ते वाजवायला नकार दिला. पुढच्याच वर्षी, सनी बोनोबरोबर गायलेलं ‘आय गॉट यू बेब’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज तोच होता. गंगूबाई हनगलांचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकताना कितीतरी लोक गायक कोण म्हणून विचारतात, आणि मग तासभर उठत नाहीत. तुझी पट्टी पेटीवरची पांढरी चार आहे, तर पांढरी चारच राहू दे. त्याहून वरच्या काळी पाचला ताणून तू दहा जणींसारखी गाशील, आणि चार वर्षांत गळा बसेल.

आता कराराचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सनी शेरहून अकरा वर्षांनी मोठा. गाणी तो लिहायचा, व्यवहार तो बघायचा, पुढे नवराही झाला. 1971 पासून दोघांचा टीव्हीवरचा कार्यक्रम देशभर गाजत होता. तिच्याच नावाची कंपनी होती, ‘शेर एंटरप्रायझेस’. लग्न मोडायला आलं तेव्हा डेव्हिड गेफन या तिच्या मित्राने कागद उघडून पाहिले. कंपनीत 95 टक्के हिस्सा सनीचा, 5 टक्के वकिलाचा. जिच्या नावाने कंपनी, ती तिथे पगारी नोकर! टीव्हीवर दर आठवड्याला दिसणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाने दुसरीकडे काम करायची मोकळीक नव्हती. 1974 मध्ये ती न्यायालयात गेली तेव्हा तिने जो शब्द वापरला त्याचा अर्थ होतो ‘वेठबिगारी’.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा कागद. घटस्फोटानंतर 1978 मध्ये झालेल्या समझोत्यात दोघांच्या काळातल्या गाण्यांच्या रॉयल्टीचा निम्मा वाटा तिच्या नावे लिहून घेतला गेला. सनी 1998 मध्ये स्कीइंग करताना अपघातात गेला. पुढे त्याच्या वारसांनी तो वाटा थांबवायचा प्रयत्न केला, खटला झाला, आणि 2024 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की 1978चा करार अजून लागू आहे. शेहेचाळीस वर्षांनी तो कागद उभा राहिला.

माझ्याकडे असा कागद नाही. नव्वदच्या सुमारास मी एका कॅसेट कंपनीसाठी आठ गाणी गायले. मानधन एकरकमी, पाकिटात. पुढे काय लिहिलंय ते न वाचता मी सही केली, कारण समोरचे गृहस्थ वयाने मोठे होते आणि मला ‘बाळ’ म्हणत होते. ती कॅसेट एसटी स्टँडवर वाजायची, गणपतीत वाजायची. मी फलाटावर उभी राहून स्वतःचाच आवाज ऐकलाय, हातात पिशवी घेऊन, गाडीची वाट बघत. राग कंपनीवर कमी आहे, त्या न वाचलेल्या दुसऱ्या पानावर जास्त आहे. तुमच्या पिढीच्या हाती निदान कायदा आहे: 2012च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गायक-कलाकारांना व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिलाय. तरीही ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य करारात दिसलं तर थांब आणि वकिलाला दाखव. ‘अन्यत्र काम करण्यास मनाई’ हे कलमही शोध. त्या नाटकाचं भवितव्य त्याच कलमात आहे.

आणि ते नाटक कर. पैसे कमी आहेत म्हणून अडू नकोस. शेर पस्तीस वर्षांची होती, लास व्हेगासमध्ये तिच्या कार्यक्रमांना भरपूर पैसा मिळत होता, तेव्हा ती न्यूयॉर्कला गेली आणि दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनने बसवलेल्या नाटकात उभी राहिली. साल 1982. समीक्षकांना नाटक आवडलं नाही, 52 प्रयोगांत ते उतरलं. पण एका प्रयोगाला चित्रपट दिग्दर्शक माइक निकोल्स येऊन बसला होता. त्याने तिला ‘सिल्कवुड’ हा चित्रपट दिला. मेरिल स्ट्रीपच्या बरोबरीने, चेहऱ्याला रंग नाही, अंगावर ढगळ कपडे. एरवी तिची झगमगीत वेशभूषा हीच तिची ओळख! तिनेच नंतर सांगितलंय की थिएटरात त्या चित्रपटाची झलक लागली आणि पडद्यावर तिचं नाव येताच लोक हसले. ती तिथेच प्रेक्षकांत होती. मला ही जागा फार पोटात शिरते. सिनेमा आला आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. 1985 मध्ये ‘मास्क’साठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, आणि ‘मूनस्ट्रक’साठी एप्रिल 1988 मध्ये ऑस्कर.

मधला मोठा तपशील लोक विसरतात: निकोल्सने पूर्वी एका चित्रपटासाठी तिला नाकारलं होतं. त्याचं मत फिरलं ते तिला रंगमंचावर काम करताना बघून. तुझ्या घरच्यांना पटवत बसू नकोस, त्यांना तिसऱ्या रांगेतलं तिकीट दे.

‘बिलीव्ह’बद्दल थोडंच. 1998, तिचं वय 52. आवाज मध्येच यंत्रासारखा मोडतो तो ऑटोट्यूनचा परिणाम. हे सॉफ्टवेअर एक वर्षापूर्वीच आलं होतं, अँडी हिल्डेब्रँडने बनवलेलं, जो आधी तेल कंपन्यांसाठी भूगर्भातल्या ध्वनिलहरींचा अभ्यास करायचा. सूर गुपचूप दुरुस्त करायचं साधन तिने आणि लंडनच्या निर्मात्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वापरलं. कंपनीला ते काढून टाकायचं होतं, तिने ठाम नकार दिला. नकार देता येईल अशा जागी ती तोवर पोचली होती, आणि तिथे पोचायला तिला काय किंमत मोजावी लागली ते वर लिहिलंच आहे.

शुक्रवारची मुदत त्यांची आहे. त्यांना आजच फोन करून दहा दिवस माग. आवाज चढवू नकोस, कारणही सांगू नकोस, ‘वकिलांना दाखवतेय’ एवढंच म्हण. रविवारी सकाळी नऊला ये. कराराची झेरॉक्स आण, सगळी पानं, मागचं परिशिष्टसुद्धा. पेन्सिल माझ्याकडे आहे. वाचून झालं की ते नवं गाणं मला तुझ्या पट्टीत ऐकायचंय.

तुझी,
ताई